वाढदिवसाला फरार

माझ्या वाढदिवसाला मी घरी सापडत नाही. आमच्या ऑफिसात शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांना हे ठाऊक आहे. जानेवारीचा दुसरा आठवडा लागला की कुणीतरी विचारतंच, "मॅडम, इस बार किधर?" मी सांगत नाही. एक तर मला स्वतःलाच ठाऊक नसतं, आणि दुसरं म्हणजे सांगितलं की लोक सोबत यायला निघतात. सोबत आली की एकाला ऊन लागतं, एकीला दर अर्ध्या तासाला चहा हवा असतो, तिसऱ्याला सहाच्या आत घरी पोचायचं असतं. दिवस माझा, आणि देवळाबाहेर सगळ्यांच्या चपला सांभाळत मीच बसायचं. त्यापेक्षा स्कूटी, पाण्याची बाटली, आईनं बांधून दिलेल्या दशम्या, आणि निघायचं.

एकटीनं फिरण्यात मी पटाईत आहे. विनयबिनय बाजूला ठेवून सांगते. चव्वेचाळीस वर्षांची बाई, लग्न केलेलं नाही, रायपूरच्या गुढियारीत वडिलांनी बांधलेल्या घरात आईबरोबर राहते, रोज ऑफिसच्या बसनं नव्या रायपूरला जाऊन सरकारी फायली इकडून तिकडे करते. अशी बाई धरणावर किंवा भज्यांच्या टपरीवर एकटी दिसली की लोकांना आधी प्रश्न पडतो आणि मग तिची दया येते. "अकेली आई हैं?" असं कुणी विचारलं की मी म्हणते, "नहीं, स्कूटी साथ में है." पुढचा प्रश्न सहसा येत नाही.

पण या सगळ्या शौर्याची सुरुवात रागातून झाली, हे कबूल करायला हवं. राग मला वडिलांकडून मिळाला. ते रेल्वेत गार्ड होते. आमचं मूळ गाव वर्ध्याकडचं, पण त्यांची बरीचशी नोकरी रायपूरहून अभनपूरमार्गे धमतरीला जाणाऱ्या छोट्या लाईनीवर गेली. गाडी छोटी, वेग बैलगाडीचा, आणि वडिलांची घाई राजधानी एक्स्प्रेसची. माझ्या वाढदिवसाला ते ड्युटीच्या कपड्यांत पाटाशेजारी उभे राहून आईला म्हणायचे, "आटप लवकर, सिग्नल पडला."

आई मात्र आटपायची नाही. पाटाभोवती रांगोळी, ताटात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी आणि तिची स्वतःची सोन्याची अंगठी. आधी कुंकू लावून डोक्यावर अक्षता, मग सुपारी आणि अंगठी तोंडाभोवती फिरवायची, मग निरांजन. शेवटी "औक्षवंत हो" म्हणून माझ्या डोक्यावर हात ठेवायची, आणि तो हात लवकर उचलायची नाही. मी नोकरीला लागले, माझ्या केसांत पांढरं दिसायला लागलं, तरी वर्षातून एकदा मी त्या पाटावर सहा वर्षांची होऊन बसत असे. मला ते फार आवडायचं. केकबिक मी ऑफिसात कापते. त्यात काही जीव नाही.

वडील गेले आणि तिसऱ्याच महिन्यात माझा वाढदिवस आला. आम्ही दोघीच घरात. मला वाटलं, आई काही करणार नाही. पण सकाळी उठून पाहते तर पाट मांडलेला, रांगोळी काढलेली. मी न्हाऊन येऊन बसले. आणि आतून ताट घेऊन बाहेर आली ती आमची शेजारीण, भाभी. भाभी इथलीच, छत्तीसगढी, स्वभावानं सोनं. आईनं तिला सकाळी सकाळी बोलावून आणलं होतं. भाभीला बिचारीला आपली ओवाळण्याची रीत काय माहीत? ती देवळातल्यासारखी अख्खी आरती म्हणायला लागली, आणि ताटही उलटं फिरवायला लागली.

"आई कुठे आहे?" मी विचारलं.

आई स्वयंपाकघराच्या दाराआड होती. तिची सावलीसुद्धा बाहेर येणार नाही, अशी भिंतीला चिकटून उभी.

"तू कर ना," मी म्हटलं.

"माह्या हातानं नाही," ती आतूनच म्हणाली. "सवाष्णीनं करा लागते ते. तुले काही झालं तं?"

"काय होणार आहे मला?"

"मले नाही मालूम. पण माह्यामुळं नोको."

वात तिनं वळलेली, तूप तिनं कढवलेलं, अंगठी तिच्या बोटातली, ताट तिनं मांडलेलं. हात तेवढे दुसरीचे. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी पाटावरून उठले, हेल्मेट घेतलं आणि निघाले. भाभी पेटलेलं निरांजन घेऊन तशीच उभी. गल्लीत नेहमीप्रमाणे गोदामासमोर ट्रक आडवा लावून पोती उतरवत होते. मी त्या ड्रायव्हरला असं काही बोलले की त्यानं न मागता गाडी पाच फूट मागे घेतली.

कुठे जायचं हे ठरलेलं नव्हतंच. धमतरी रोड लागला म्हणून गेले. अभनपूरला पोचले तेव्हा भूक लागली होती. वडील तिथून वर्षानुवर्षं कागदात बांधून भजी आणत. घरी येईपर्यंत ती गार व्हायची, आणि आई ती तव्यावर पुन्हा गरम करायची. मी पहिल्यांदा ती कढईतून निघालेली खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं ते मिरचीनं, असं मी टपरीवाल्याला सांगितलं. मग पुढे राजिमला गेले, नदीच्या वाळूत चपला हातात घेऊन दोन तास चालले, आणि अंधार पडायच्या आत घरी आले. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. पस्तीस वर्षांच्या आयुष्यात हे मी पहिल्यांदा केलं होतं, आणि रागाच्या खाली कुठेतरी मला मजा आली होती.

घरी आईनं ताट वाढलं. जेवायला खीर होती.

त्यानंतर दर वर्षी हेच. आदल्या दिवशी आई विचारायची, "उद्या जाशीन?" मी म्हणायची, "तू ओवाळणार?" ती उठून आत जायची. मग रात्री दशम्यांच्या पिठात ती गूळ कालवायची, आणि सकाळी पाट मांडून ती दाराआड जायची, मी घराबाहेर. एका वर्षी आरंगला गेले आणि परतताना पंक्चर झालं. एका वर्षी ठरवलं की लांब जायचंच नाही, पंडरीच्या कापडबाजारात स्वतःसाठी साडी घ्यायची. ठोक बाजारात एक नग देत नाहीत, हे मला रायपूरात जन्म काढूनही ठाऊक नव्हतं. दुकानदार म्हणाला, "दीदी, सिंगल पीस नहीं मिलेगा, सेट लेना पड़ेगा." मी नेहमीप्रमाणे हट्टाला पेटले आणि सेट घेतला. एकाच रंगाच्या, एकाच काठाच्या सहा साड्या. आईला एक, भाभीला एक, ऑफिसात तीन वाटल्या. पुढे महिनाभर आमच्या मजल्यावर कुणीही यायचं ते विचारायचं, "आज कोई फंक्शन है क्या?"

असं हसत-खेळत चाललं होतं, पण आईच्या मनातली ती गाठ काही सुटली नाही. उलट घट्ट होत गेली. दूध नासलं तर ती हाताकडे बघायची. मला ताप आला तर औषध भाभीच्या हातून द्यायची. माझी बढती एक वर्ष लांबली, तेव्हा म्हणाली, "मी त्या दिवशी तुले दारात टाटा केला होता." मी कपाळाला हात लावला. मी समजावलं, भांडले, चिडवलं. एकदा तर म्हटलं, "तुझ्या हातात एवढी ताकद असेल तर आमच्या साहेबांच्या डोक्यावर ठेव एकदा." ती हसली, पण हात काही पुढे आला नाही. मला पाटाचं एवढं नव्हतं. मला माझी आई दाराआडून बाहेर हवी होती. तिला स्वतःच्याच हातांची भीती वाटते, हे मला सहन होत नव्हतं, आणि ते पाहायला लागू नये म्हणून मी दर वर्षी पळत होते. याला शौर्य म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

मागच्या वर्षी मी फार बोलले. हेल्मेट घालता घालता बोलले. "तू त्या दारामागे उभी राहतेस ना, ते मला बघवत नाही. तू घरात नसतीस तर कुणीही ओवाळलं असतं तरी मी गुपचूप बसले असते पाटावर." असं म्हणून मी स्कूटीला किक मारली. तेवढ्यावर ते वाक्य माझ्यापुरतं संपलं.

आईपुरतं संपलं नव्हतं. तिनं ते वर्षभर जपून ठेवलं.

या वर्षी वाढदिवस शनिवारी आला. सुट्टी म्हणून मी उशिरा उठले. घर गार पडलेलं. पाट मांडलेला, रांगोळी ताजी, ताट तयार. आई दिसेना. मी आधी सवयीनं दाराआड पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. न्हाणीघर, गच्ची, मागचं अंगण, सगळं पाहिलं. तिचा फोन फ्रिजवर चार्जिंगला लावलेला. देव्हाऱ्यात दिवा लावलेला, आणि खुंटीवरची तिची कापडी पिशवी गायब.

तेवढ्यात भाभी आली. नवी साडी नेसलेली, आणि चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा.

"दीदी, पहले बैठ जाओ पाटे पर."

"आई कुठे आहे?"

"अम्मा ने कसम दी है. पहले आरती, फिर बताना."

"भाभी!"

माझा आवाज ऐकून तिनं कसम तिथेच सोडली. आई सकाळच्या गाडीनं अभनपूरला गेली होती. भाभीनंच तिला रिक्षात बसवून दिलं होतं. संध्याकाळच्या गाडीनं परत येणार होती. "बोलीं, मैं घर में नहीं रहूँगी तो बेटी आराम से बैठेगी. बोलीं, बेटी ने खुद कहा है."

मी मटकन पाटावर बसले. भाभीला वाटलं बसले ती ओवाळून घ्यायलाच, म्हणून ती काडेपेटी शोधायला लागली. माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची. वडील गेल्यापासून ती एकटी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापलीकडे गेलेली नव्हती. लग्नाला, बारशाला, हळदीकुंकवाला तर नाहीच. आणि आज ती घरातून निघून गेली होती, कारण तिच्या लेकीनं तिला सांगितलं होतं की तू घरात नसतीस तर बरं झालं असतं. मला स्वतःची लाज वाटली.

मग उठले. हेल्मेट घेतलं. भाभी म्हणाली, "दीदी, स्वेटर..." मी गल्लीच्या टोकाला पोचले होते.

जानेवारीत धमतरी रोडवर सकाळी धानाचं राज्य असतं. पोत्यांनी भरलेले ट्रॅक्टर खरेदी केंद्राकडे रांगेनं निघालेले, आणि त्यांना ओलांडून जाणं म्हणजे लग्नाच्या वरातीतून वाट काढणं. गार वारा गळ्यातून थेट छातीत शिरत होता. डोक्यात एकच. तिला चक्कर आली असेल तर? फोन नाही, हिंदी मोडकी, आणि कुणी काही विचारलं तर ती तोंडाला पदर लावून गप्प बसणारी बाई. नऊ वर्षं मी एकटी फिरले, पण एकटीनं फिरणाऱ्या माणसाच्या घरच्यांचं काय होतं, ते मला त्या तासाभरात कळलं.

अभनपूरला आता मोठ्या लाईनीची गाडी जाते. छोट्या लाईनीचं वडिलांचं स्टेशन राहिलेलं नाही. नवा, लांब, उन्हात लखलखणारा फलाट. मी स्कूटी कशीबशी उभी केली आणि धावत आत गेले.

आई बाकावर बसली होती. पायांपाशी पिशवी, मांडीवर हात, पाठ ताठ. मी जवळ जाईपर्यंत तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती समोरच्या बाकाकडे बघत होती. तिथे एक तरुण पोरगी बसली होती, मांडीवर शालीत गुंडाळलेलं दोन-तीन महिन्यांचं लेकरू.

"आई!"

"हळू बोल. झोपलं हाये ते."

मी तिच्या शेजारी बसले. मला धाप लागली होती. किती रागवायचं आणि कोणावर, हेच कळत नव्हतं.

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का? न सांगता निघून आलीस?"

"तू कधी सांगून जातं?" ती म्हणाली, आणि पुन्हा लेकराकडे बघायला लागली. "ओवाळलं काय भाभीनं?"

"नाही."

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "स्वेटर कुठं हाये तुहं?"

मी गार पडलेले हात काखेत घातले आणि विचारलं, "तू काय बघते आहेस एवढं?"

तेव्हा तिनं सांगितलं. गाडीत गर्दी होती. ही पोरगी तिच्या शेजारी बसली होती, माहेरी निघालेली. हिला पिशवी वर ठेवायची होती. तर तिनं आईला विचारलं नाही, तिच्या कपाळाकडे पाहिलं नाही, सरळ "दाई, थोकन धर ले", म्हणजे माय, जरा धर, असं म्हणून लेकरू आईच्या मांडीवर ठेवून दिलं.

"मी नाही म्हणाच्या आंधी ते माह्या मांडीवर होतं," आई म्हणाली. "अन् लगेच झोपलं. मंग ते म्हणते कशी, दाई, याले आसीस दे. माहा हात गेला ना वं त्याच्या डोक्यावर. मी ठेवला नाही. आपोआपच गेला."

"मग?"

"मंग काय. उतरली इथं. ते पन उतरली. तिचा भाऊ येऊन राहिला तिले घ्याले. मी म्हणलं, बसावं इथंच. पाहावं."

"काय पाहावं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे मला आठवतात. नऊ वर्षं जे बोलली नव्हती ते त्यांत होतं.

"त्याले काही होते काय, ते."

दोन तास झाले होते. दोन तास माझी आई परक्या गावच्या फलाटावर बसून एका परक्या लेकरावर पहारा करत होती. ते मधे शिंकलं तेव्हा ती बाकाच्या कडेला सरकली. रडलं तेव्हा ती उठून उभी राहिली. मग ते दूध प्यालं, त्याच्या आईच्या खांद्यावर ढेकर दिला, आणि पुन्हा झोपलं. हे सगळं तिनं मला एखाद्या डॉक्टरसारखं क्रमानं सांगितलं. मला हसूही येत होतं आणि रडूही, आणि दोन्ही तिला आवडलं नसतं. म्हणून मीही तिच्याबरोबर पहाऱ्याला बसले. आम्ही दोघी आणि ते लेकरू. कुणी बघितलं असतं तर विचारलं असतं, या बायका गाडीला आल्यात की कशाला?

अर्ध्या तासानं त्या पोरीचा भाऊ मोटरसायकल घेऊन आला. ती उठली. जाता जाता आमच्या बाकापाशी थांबली, लेकराच्या तोंडावरची शाल बाजूला केली आणि म्हणाली, "ले, दाई ला राम राम कर." लेकरू जागं होतं. त्यानं आईकडे पाहिलं आणि तोंडभर हसलं. दात एक नाही, नुसत्या हिरड्या. आई बघतच राहिली. मोटरसायकल दिसेनाशी झाली तरी ती त्या रस्त्याकडे बघत होती.

"काही नाही झालं त्याले," ती म्हणाली.

"नाही झालं."

"माहा हात ठेवला होता मी. चांगला दाबून."

"कळलं."

"हव," ती म्हणाली, आणि पिशवी उचलली. "भजे कुठं भेटते? तुहे बाबा आणत होते ते."

त्या टपरीवर तिनं आयुष्यात पहिल्यांदा अभनपूरची भजी गरम खाल्ली. एक प्लेट संपली, दुसरी मागवली. मी तिला एकटीनं केलेल्या पहिल्या प्रवासाबद्दल विचारलं, तर म्हणाली, "त्यात काय हाये? तिकीट काढाचं अन् बसाचं. तू त लय शान मारते." मग टपरीवाल्याला तिच्या मोडक्या हिंदीत विचारलं, "बेसन में अजवायन डालते क्या?" तो "हव दाई" म्हणाला, आणि दोघांची बेसनावर इतकी चर्चा रंगली की मी बाजूला उभी राहिले. प्रवासाची भीती कशी ती तिला नव्हतीच. सगळी मीच वाटेभर वाहून आणली होती.

परत येताना ती स्कूटीवर मागे एका बाजूला पाय सोडून बसली, एक हात माझ्या खांद्यावर. गाडीनं जा म्हटलं तर ऐकेना. ट्रॅक्टर दिसला की तिचा हात खांद्यावर घट्ट व्हायचा, पण एकदाही "हळू" म्हणाली नाही. मी मात्र आयुष्यात कधी चालवली नाही इतकी हळू चालवली. ट्रॅक्टरवाले आम्हाला ओलांडून गेले. पंडरीत चौकात थांबले तेव्हा म्हणाली, "हेच ना ते, एकसारख्या साड्यावालं?" आणि एकटीच हसली.

घरी ताट तसंच होतं. भाभी ओट्यावर वाट बघत बसलेली. आम्हाला बघून तिनं दोन्ही हात जोडले आणि देवाचं नाव घेतलं. मग आत जाऊन निरांजन लावून ताट घेऊन आली. मी पाटावर बसले. ठरवलंच होतं. भाभी ओवाळेल, उलटं ओवाळेल, आरती म्हणेल, मी बसेन. आईला मी पुन्हा घराबाहेर काढणार नव्हते.

आई स्वयंपाकघरात गेली होती. मी दाराकडे पाहिलं नाही. भाभीनं कुंकवात बोट बुडवलं, आणि आई बाहेर आली. हात धुऊन, पदराला पुसत.

"आण इकडं," ती भाभीला म्हणाली.

भाभीनं माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान हलवली. बोलले असते तर रडले असते. भाभीनं ताट दिलं. ज्योत हलत होती.

"तुले भेव नाही लागत?" तिनं विचारलं.

"भाभीच्या आरतीचं लागतं," मी म्हटलं. "उलटं ओवाळते ती."

भाभी "हाय दीदी!" म्हणून हसली. आईही हसली, आणि त्या हसण्यात तिचं बोट माझ्या कपाळाला टेकलं. कुंकू, अक्षता. मग सुपारी आणि अंगठी. निरांजन फिरवताना ती ज्योतीकडे बघत नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती, जशी सकाळी त्या लेकराकडे बघत होती. "औक्षवंत हो," म्हणाली. हात डोक्यावर ठेवला. चांगला दाबून ठेवला, आणि पूर्वीसारखाच लवकर उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा उजाडलेलं होतं. माझ्या खाटेशेजारी खुर्ची ओढून आई शाल पांघरून बसली होती. केव्हापासून, कोण जाणे. ती माझ्याकडे बघत होती, आणि ती काय बघते आहे हे मला नीट ठाऊक होतं. मी अगदी ठणठणीत चेहरा करून म्हटलं, "काही नाही झालं."

आणि त्याच क्षणी नाकात हुळहुळायला लागलं. कालचा वारा. मी श्वास धरला, ओठ दाबले, डोळ्यांत पाणी आलं. आई वाकून बघायला लागली. थांबवण्याचा मी जेवढा आटापिटा केला तेवढीच ती शिंक जोरात आली. खिडकीची तावदानं हलली असतील. पाठोपाठ दुसरी, मग तिसरी.

मी नाक धरून तिच्याकडे पाहिलं. तिनं एकदा स्वतःच्या हाताकडे पाहिलं. उलटून, पालटून. मी वाट बघत होते.

मग ती उठली, खुंटीवरचा माझा स्वेटर काढला आणि माझ्या अंगावर फेकला.

"हजार वेळा सांगतलं, स्वेटर घालत जा म्हणून. आयकत नाही पोट्टी," ती म्हणाली, आणि आलं ठेचायला आत गेली.

मी मुकाट्यानं स्वेटर घातला.